टाइमप्लीज म्हणणारी कुत्री

मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या कुत्र्याशी दोनच शब्द बोलत आला आहे. जवळ बोलवायचे असले की ‘यू यू’ आणि हाकलायचे असले की ‘हाड’. तिसरा ‘छूऽऽ’ आहे, पण तो कुत्र्याला दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर सोडताना वापरायचा, तेव्हा तो सभ्य संभाषणात धरायला नको. ‘अरे, आता थांब, जरा दम खा, मग पुन्हा खेळ’ एवढे सांगणारा शब्द काही आपण कुत्र्यासाठी घडवला नाही. गरजच पडली नसावी. कुत्रा अंगणात असे, खळ्यावर असे, आळीच्या तोंडाशी असे. कुणाशी खेळायचे, किती खेळायचे आणि कुणाच्या वाटेला अजिबात जायचे नाही, हे त्याला आळीतली थोरली कुत्री शिकवीत. घरच्या माणसांचे काम उरलीसुरली भाकरी टाकण्यापुरते.

आता कुत्रा लिफ्टने चौथ्या मजल्यावर राहायला गेला आहे. त्याला आळी उरलेली नाही आणि आपण त्याच्याशी एकदम इंग्रजीत बोलू लागलो आहोत. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत एक आजी आहेत. अमेरिकेतून सुट्टीला येणाऱ्या नातवाने घरात मराठीच बोलले पाहिजे असा त्यांचा दंडक आहे आणि तो त्या पाळायला लावतात. कुत्र्याला मात्र ‘सिट’, ‘नो’, ‘कम हिअर’! मराठीत सांगितले तर तो बसणार नाही अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

हा विषय माझ्याकडे आला तो कागदाच्या वाटेने. बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर सोसायटीचा सचिव करायचे ही आपल्याकडची रीतच आहे. हा कादंबऱ्या लिहितो म्हणजे इतिवृत्तही बरे लिहील, असाही एक हिशेब त्यात असतो. आमच्याकडे ९६ सदनिका आहेत आणि पाळलेली कुत्री १३. तक्रारींच्या कपाटात पाणी आणि पार्किंग यांच्या खालोखाल जाडी फाइल कुत्र्यांची. बहुतेक अर्ज जिन्यातल्या घाणीबद्दल किंवा रात्रीच्या भुंकण्याबद्दल. २०२३ च्या दिवाळीनंतर आलेला अर्ज मात्र वेगळा होता. ‘बी’ इमारतीतला ब्रूनो नावाचा लॅब्रॅडोर, वय दीड वर्ष, वजन ३४ किलो, संध्याकाळी फाटकापाशी मालकाच्या हातून सुटला आणि समोरून येणाऱ्या चिंगी नावाच्या पॉमेरियनवर जाऊन आदळला. चिंगीचे वजन चार किलो. तिच्या मानेला पाच टाके पडले. तिची मालकीण निवृत्त शिक्षिका. सगळी सोसायटी त्यांना ‘बाई’ म्हणते. घरात त्या एकट्याच. ब्रूनोचे मालक तरुण जोडपे, दोघेही हिंजवडीला नोकरीला. त्यांचे म्हणणे एकच होते, ‘काका, तो फक्त खेळायला गेला होता हो.’

हे वाक्य आणि त्याचे थोरले भावंड, ‘घाबरू नका, काही करत नाही तो’, ही दोन वाक्ये ऐकली की माझे डोके फिरते. कुत्रा काही करतो की नाही हे समोरच्याने कशावरून ठरवायचे? पण या प्रकरणात ते पहिले वाक्य अक्षरशः खरे निघाले आणि खरी पंचाईत तीच होती. ब्रूनो खेळायलाच गेला होता. खेळायचे कसे हे त्याला कुणी शिकवलेच नव्हते.

विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्यासाठी चाळीस सह्यांचा अर्ज आला. ठराव असा, की ब्रूनोला एका महिन्यात आवाराबाहेर हलवावे. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ साली सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत; बहुमत असले तरी पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असे त्या स्पष्ट सांगतात. मी त्या सभेत वाचून दाखवल्या. वाचून झाल्यावर बाई उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, ‘सचिवसाहेब, नियम कळला. पण मला आता फाटकातून बाहेर पडायची भीती वाटते, तिचं काय करू?’ याला त्या सूचनांत उत्तर नव्हते. कुणीतरी सुचवले की लांब कुठेतरी शेतावर सोडून द्या, तिथे तो मजेत राहील. शेतावर सोडलेल्या शहरी कुत्र्याचे काय होते हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. ब्रूनोची मालकीण, असेल तिशीची पोर, खाली मान घालून रडू लागली. अखेर तीन महिने सभा तहकूब करायची आणि तोवर कुत्र्याला वळण लावायचा प्रयत्न करायचा, एवढ्यावर मिटले. आमचे एक ज्येष्ठ सभासद घरी जाताना म्हणालेच, ‘कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच.’

पहिल्यांदा आले ते एक गृहस्थ काटेरी साखळी घेऊन आले. कुत्र्याला वाटते की तोच टोळीचा म्होरक्या आहे, तेव्हा त्याला जमिनीवर आडवा पाडून दाबून धरा, म्हणजे म्होरक्या कोण ते त्याला कळेल, असा त्यांचा उपाय. हे म्होरक्याचे शास्त्र कुठून आले ते सांगायला हवे. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या संशोधकाने १९४७ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर निबंध लिहिला. एका कुंपणात कोंडलेले ते लांडगे सत्तेसाठी भांडत होते. अमेरिकेत डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात हीच कल्पना घेतली आणि ती जगभर गेली. पुढे मेक यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहिले आणि १९९९ साली स्वतःच लिहिले की रानातली टोळी म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरे. म्होरक्या वगैरे काही नाही, चक्क कुटुंब! पण काटेरी साखळ्या अजून विकल्या जातात. त्या गृहस्थांना आम्ही चहा पाजून निरोप दिला.

दुसऱ्या आल्या त्या शेजारच्या गल्लीतल्या पशुवैद्य. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांची पहिली अट ऐकून समितीतले लोक एकमेकांकडे बघू लागले. ‘काका, पहिले दोन रविवार कुत्र्यांना काही शिकवायचं नाही. माणसांनी बसायचं आणि नुसतं बघायचं.’

आमच्या मागच्या भिंतीपलीकडे एक मोकळा प्लॉट आहे. कज्ज्यात अडकलेला, म्हणून मोकळा. तिथे रस्त्यावरची पाच-सहा कुत्री सकाळी उन्हाला येतात आणि त्या वर्षी त्यांच्यात पाच महिन्यांची तीन पिल्लेही होती. पहिल्या मजल्याच्या जिन्यात खुर्च्या टाकून आम्ही आठ-दहा जण तो खेळ बघत बसलो. लहानपणी वाड्यात पकडापकडी खेळलेल्या कुणालाही कळावा असा तो खेळ होता. एक जण पळतो, दुसरा पाठीस लागतो. थोड्या वेळाने कुणी न सांगता राज्य बदलते आणि पळणारा पकडायला लागतो. अंगाने दांडगा तांबडा कुत्रा मध्येच आपण होऊन उताणा पडतो आणि निम्म्याहून लहान पिल्लाला आपल्या गळ्याशी झोंबू देतो. म्हणजे ते पिल्लू झाले कच्चा लिंबू. त्याला खेळात घ्यायचे, पण त्याच्यावर सगळी ताकद काढायची नाही. आणि रंगात आलेला खेळ एकदम थांबतो. दोघेही भिजलेले नसताना अंग झाडतात, एक जण उगाच जमीन हुंगतो, दुसरा तोंड फिरवून जांभई देतो. पाच-दहा सेकंद. ही टाइमप्लीज. मग एक जण पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवतो, मागचा भाग वर, शेपूट हलते आहे. दुसरा तसाच वाकतो आणि पुन्हा धावाधाव.

कोलोरॅडो विद्यापीठातले मार्क बेकॉफ यांनी या वाकण्याचा अभ्यास करण्यात उमेदीची वर्षे घालवली. कुत्री, लांडगे आणि कोल्ह्यासारखे दिसणारे अमेरिकेतले कोयोटी यांच्या पिल्लांचे खेळ त्यांनी बारकाईने तपासले. १९९५ च्या निबंधात त्यांनी दाखवले की चावून जोरात मान झटकण्याच्या आगेमागे पिल्लू हटकून वाकते. शिकारीत मान झटकली तर जीव जातो. तेव्हा ‘हे खोटे खोटे आहे बरे का’ असा तो खुलासा. २०१६ साली बार्बरा स्मट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या पाळीव कुत्र्यांची चित्रफीत तपासली, तेव्हा त्यांना दिसले की वाकणे बहुतेक वेळा थांबलेला खेळ पुन्हा सुरू करण्यासाठी असते. आमच्या जिन्यातल्या मंडळींचे मत या दुसऱ्या बाजूने पडले. त्याहून मजेदार काम अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचे. बागेत खेळणाऱ्या कुत्र्यांचे चित्रीकरण एकेका क्षणाचे तुकडे करून त्यांनी पाहिले आणि २००९ साली लिहिले, की समोरच्याचे लक्ष असेल तेव्हाच कुत्रा खेळाचे आमंत्रण देतो. त्याची पाठ असेल तर आधी ढोसतो, भुंकतो, त्याला वळायला लावतो आणि मग वाकतो. खोलीत शिरताना दारावर टकटक करणे म्हणतो ते हेच. आमच्या सोसायटीतल्या काही सभासदांना हे अजून जमलेले नाही, पण तो विषय वेगळा.

तिसरी गोष्ट डॉक्टरबाईंनी दाखवली नसती तर मला कळली नसती. खेळात राज्य समसमान वाटलेच पाहिजे असे नाही. एरिका बाउअर आणि स्मट्स यांनी २००७ साली जोड्यांचे हिशेब मांडले तेव्हा कित्येक जोड्यांत एकच कुत्रा जास्त वेळ वरचढ राहत होता आणि तरीही दोघांना खेळ हवा असे. मग खेळ आणि मारामारी ओळखायची कशी? तर अंगाकडे बघायचे. खेळणाऱ्याचे अंग सैल असते, वळवळते, तोंड उघडे, धावणे उड्या मारल्यासारखे आणि थोडे वेंधळेही. बिघडू लागले की अंग ताठ होते, तोंड मिटते, नजर एका जागी खिळते. १८७२ सालच्या भावनाविष्कारावरच्या पुस्तकात डार्विनने चिडलेल्या आणि लाडात आलेल्या कुत्र्याची हीच दोन चित्रे समोरासमोर ठेवली आहेत. नुसते गुरगुरणे ऐकून घाबरायचे कारण नाही, रस्सीखेच खेळताना पोरे कमी ओरडतात का? पण एक जण सतत पळतोच आहे, शेपूट पोटाशी, माणसाच्या पायामागे लपायला बघतो आहे आणि दुसऱ्याला ते दिसत नाही, तर तो खेळ उरलेला नसतो.

संशय आला तर एक साधी परीक्षा आहे. जो वरचढ आहे त्याला पट्ट्याला धरून दूर न्यायचे आणि दबलेला काय करतो ते बघायचे. तो आपण होऊन परत आला, वाकला, नाकाने ढोसू लागला, तर त्याची तक्रार नाही, सोडा दोघांना. त्याने ही संधी साधून काढता पाय घेतला, तर उत्तर मिळाले. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोन अधिकाऱ्यांकडे. एकाने कितीही फिरवली तरी दुसऱ्याशिवाय दार उघडत नाही. चौतीस वर्षे ती एक किल्ली खिशात बाळगल्यामुळे असेल, ही परीक्षा मला फार पटली.

आता ब्रूनोकडे. त्याला घरी आणले तेव्हा तो पाच आठवड्यांचा होता. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकायला बंदी आहे, पण नियम माहीत कुणाला असतात, आणि विकणाऱ्याला ते सांगायची काय घाई? हे तीन आठवडे हिशेबात क्षुल्लक दिसतात. पिल्लू भावंडांत खेळताना जोराने चावते, भावंड केकाटते आणि खेळ सोडून जाते. आईला चावले तर ती उठून जाते किंवा खडसावते. जोरात चावले की खेळ संपतो, हे पिल्लाच्या जबड्याला इथे कळते. दातांचा जोर आवरणे हा कुत्र्याच्या आयुष्यातला पहिला धडा, आणि ब्रूनो त्या वर्गात बसलाच नाही. पुढे लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे चार महिने, त्याला घराबाहेर काढले नाही. अमेरिकेतल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर यांनी अनेक वर्षे पिल्ले पाहून १९६५ साली पुस्तक लिहिले. तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन जगासाठी उघडे असते, मग ते हळूहळू मिटू लागते, हे त्यांचे निरीक्षण आज सर्वमान्य आहे. ब्रूनोने त्या काळात पाहिले काय? दोन माणसे, एक टीव्ही आणि गॅलरीचे गज.

इथे वाचकांनी घाई करू नये. पार्व्होचा आजार खरा आहे, पिल्लाला तो दोन दिवसांत नेऊ शकतो, म्हणून रस्त्यावर आणि अनोळखी कुत्र्यांत पिल्लू सोडायचे नाही हे बरोबरच. पण अमेरिकेतल्या पशुवर्तन-वैद्यांच्या संघटनेने २००८ साली सांगितले, की पहिली लस होऊन आठवडा झाला की स्वच्छ जागेत, लस झालेल्या निरोगी पिल्लांबरोबर सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाची शाळा सुरू करावी. अशी शाळा इयान डनबार या मूळच्या ब्रिटिश पशुवैद्याने कॅलिफोर्नियात १९८२ मध्येच काढली होती. तोवर कुत्रा सहा महिन्यांचा झाल्याशिवाय शिक्षणाला घेत नसत, आणि शिक्षण म्हणजे बहुधा गळ्याला हिसका. डनबारने पिल्लांना पट्ट्याशिवाय एकत्र खेळू दिले आणि खेळ दर थोड्या वेळाने थांबवून पुन्हा सुरू करून दिला. कल्पना एवढीच. आमच्या डॉक्टरबाई दीड वर्षाच्या दांडगोबावर तीच चालवणार होत्या, उशिरा आणि म्हणून जास्त सावकाश.

सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टाला जाळी आहे. तिथे पहिले तीन आठवडे खेळ नव्हताच. ब्रूनो एका कडेने, डॉक्टरबाईंची नऊ वर्षांची गावठी कुत्री राणी दुसऱ्या कडेने, मध्ये पंधरा पावले, आणि दोघांनी एकाच दिशेने चालायचे. मालकाने पट्टा ढिला सोडायचा. हे शेवटचे सर्वांत अवघड गेले. समोर कुत्रा दिसला की आपण पट्टा आवळतो. आवळला की कुत्र्याची मान वर, छाती पुढे, पाय ताठ. समोरच्या कुत्र्याला तो भांडायलाच आलेला दिसतो, आणि इकडे ब्रूनोला कळते की दुसरा कुत्रा दिसला की गळा आवळला जातो. भांडणाची निम्मी तयारी माणसाच्या मनगटात होते. दोन कुत्र्यांना नाकासमोर नाक आणून भेटवणे हेही आपले एक माणसाळलेले खूळ. मोकळी कुत्री वळसा घेऊन, बाजूने येतात, मागून हुंगतात आणि दोन-तीन सेकंदांत दूर होतात.

दरम्यान घरी हाकेचा अभ्यास चालू. नाव घेतले की यायचे, आले की उकडलेल्या चिकनचा तुकडा. शाकाहारी घरात पनीर. आणि लगेच मोकळे सोडायचे. हा ‘लगेच मोकळे सोडायचे’ भाग बहुतेक जण विसरतात. आपण कुत्र्याला हाक कधी मारतो? घरी जायची वेळ झाली की. म्हणजे हाक आली की मजा संपली. मग तो कशाला येईल? दहा वेळा बोलावून नऊ वेळा पुन्हा खेळायला पाठवले, तर हाक म्हणजे खाऊ आणि वर खेळ. यासाठी सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा असे ठरले. डॉक्टरबाईंना ‘बास’ हवा होता, छोटा आणि खणखणीत. पण जाळीबाहेर उभ्या असलेल्या पोरांनी पहिल्याच दिवशी ‘टाइमप्लीज!’ म्हणून गिल्ला केला आणि तोच शब्द रूढ झाला. कुत्र्याला काय, कोणताही आवाज चालतो, ठरलेला असला म्हणजे झाले. आमच्या आजींचा इंग्रजीचा आग्रहही त्यात आपोआप राहिला.

चौथ्या आठवड्यात पट्टा सुटला. ब्रूनो सरळ राणीवर गेला, खांद्याने धडक द्यायला. राणी बाजूला झाली. त्याने पुन्हा धडक दिली, तिने तोंड फिरवले. तिसऱ्यांदा तिने ओठ वर करून दात दाखवले आणि गुरगुरली. ब्रूनोच्या मालकाने दटावले, ‘ए, गप!’ त्यावर डॉक्टरबाईंनी कुत्र्यांना सोडून त्यालाच थांबवले. ‘तिला गप्प करू नका. ती चावली नाही, बोलली.’

महाभारत मुळात एका कुत्र्याच्या पिल्लापासून सुरू होते हे फार थोड्यांच्या लक्षात राहते. आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रात सरमेचे पिल्लू येते आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जाते. आई विचारते, तू काही अपराध केला असशील. ते म्हणते, मी हविर्द्रव्य चाटले नाही, त्याच्याकडे पाहिलेही नाही. सरमा येऊन जाब विचारते, राजापाशी उत्तर नसते, आणि ती त्याला शाप देते: न दिसणारे भय तुझ्यावर येईल. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारणारी माणसे पाहिली की मला हा शाप आठवतो. मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी गुरगुरत नाही. तो सूचना न देता चावतो आणि मग लोक म्हणतात, अचानक काय झाले कोण जाणे. ‘भुंकणारे कुत्रे चावत नाहीत’ ही म्हणही त्याच जातीची. ती कुणी केली त्याला कुत्र्यांचा अनुभव बेताचाच असावा.

राणीचे बोलणे ब्रूनोला कळले. तो थबकला, मागे सरला, अंग झाडले. तेवढ्यात ‘टाइमप्लीज’, चिकन, आणि ‘जा’. त्या दिवशी चार मिनिटे खेळ झाला. महिनाभराने वीस मिनिटे, पण दर मिनिट-दीड मिनिटाला थांबवून. खेळ तापू द्यायचा नाही; दूध उतू जायच्या आधी गॅस बारीक करावा तसे. चेंडू, हाडूक, खाऊ कोर्टात जमिनीवर ठेवायचे नाही, कारण मालमत्ता आली की वाद आले. गळ्यातले रुंद पट्टे काढायचे, खेळात दुसऱ्याचा जबडा त्यात अडकतो. एप्रिलात सूर्य बुडाल्यावरच, आणि चपट्या नाकाच्या पगला तर लवकर धाप लागते म्हणून पाच मिनिटांत बाहेर. आणि लहान-मोठी कुत्री एकत्र सोडायची नाहीत. मोठ्याच्या मनात काही वाईट नसले तरी लहानगे किंचाळत पळाले, की कधी कधी मोठ्याच्या डोक्यातला खेळ जाऊन शिकार जागी होते. चिंगीच्या बाबतीत फाटकापाशी नेमके काय झाले असावे ते यावरून समजते.

तरीही भांडण झालेच तर मध्ये हात घालू नये. मारामारी सोडवताना आपल्याच कुत्र्याचा दात मालकाला लागतो हे नेहमीचे आहे. मोठा आवाज, पाण्याचा फवारा, मध्ये पुठ्ठा किंवा खुर्ची, अंगावर जाड चादर, यांतले जे हाताशी असेल ते. दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचे, कुत्रा घरचा असला तरी. रेबीज झाल्यावर उपाय नाही.

तीन महिन्यांनी सभा पुन्हा भरली. मी अहवाल वाचला. ब्रूनो आता दोन कुत्र्यांशी चांगला खेळतो, राणी आणि ‘डी’ इमारतीतला खंड्या. बाकी अकराजणांपैकी तिघांशी नुसते हुंगण्यापुरते आणि उरलेल्यांशी काही नाही. तो सगळ्यांचा मित्र होणार नाही, असे डॉक्टरबाईंनी सभेला सरळ सांगितले आणि पुढे म्हणाल्या, ‘व्हायची गरजही नाही. तुमच्यापैकी किती जण सोसायटीतल्या सगळ्यांशी बोलता?’ यावर बराच वेळ कुणी काही बोलले नाही. तीन-चार वर्षांची झाली की पुष्कळ कुत्र्यांना अनोळखी कुत्र्यांशी दंगा नको असतो. म्हाताऱ्यांना तर नकोच. त्यांना कोर्टात ढकलणे म्हणजे आमच्यासारख्यांना जबरदस्तीने दांडियाला उभे करणे. सुट्टीच्या सकाळी टेकडीवर कुत्रा मोकळा सोडून ‘खेळ सगळ्यांशी’ म्हणणारे लोक दिसतात, त्यांनी याचा विचार करावा. तिथे मोरही असतात, हे निराळेच.

चिंगी कोर्टात कधीच आली नाही आणि तिला कुणी आणायचाही नाही असे ठरले. ब्रूनोला एवढेच शिकवले आहे, की ती दिसली की थांबायचे आणि मालकिणीच्या तोंडाकडे बघायचे. मालकिणीच्या खिशात चिकन असते. हे त्याला साधले आहे. बाईंचा विश्वास मात्र पुरता बसलेला नाही आणि तो बसावा असा हट्ट धरण्याचा अधिकार कुणाला आहे असे मला वाटत नाही. फाटकावर आता वेळापत्रक लावले आहे. मोठी कुत्री कोर्टात सहा ते पावणेसात. बाई सहाला पाच मिनिटे असताना रखवालदाराला इंटरकॉम करतात, ‘तो आत गेला का?’ गेला असे कळले की चिंगीला घेऊन खाली येतात, कोर्टाच्या बाजूला न वळता डावीकडून बाहेर पडतात आणि साडेसहाच्या आत परततात. ठराव मागे घेण्याबद्दल त्यांना दोनदा विचारून झाले. इतिवृत्तात तो अजून ‘तहकूब’ असाच आहे.